कोल्हापुरी चपलांच्या दुकानासाठी सोशल मीडिया व्यवस्थापक: एका सेवेचे परीक्षण

कोल्हापुरातील आमच्या चपलांच्या दुकानाची इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सॲप बिझनेस ही तीन खाती गेल्या वर्षाच्या उन्हाळ्यापासून एक स्वतंत्र व्यावसायिक बाई सांभाळतात. त्यासाठी त्या दरमहा पंधरा हजार रुपये घेतात. जाहिरातीचा खर्च त्यात धरलेला नाही. तो दुकानाच्याच कार्डावरून थेट मेटाकडे, म्हणजे ही तिन्ही माध्यमे चालवणाऱ्या कंपनीकडे, जातो आणि दर महिन्याला किती जावा हे आम्ही ठरवतो. त्यांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असल्याने त्यांच्या बिलावर जीएसटी लागत नाही. नोंदणीकृत संस्थेकडे हेच काम दिले असते तर वर अठरा टक्के धरावे लागले असते. आमच्या भागात एवढ्या पगारात दुकानात एक चांगला विक्रेता मिळतो. त्यामुळे विक्रेत्याने गल्ल्यासाठी जे केले असते तेवढे तरी या सेवेने केले का, हाच प्रश्न विचारणे आम्हांला रास्त वाटते.

उत्तर होकारार्थी आहे; परंतु ज्या कामासाठी आम्ही त्यांना नेमले त्यापेक्षा निराळ्याच कामामुळे. आम्हांला वाटले होते की त्या सुंदर रील्स करतील, खात्याचे अनुयायी वाढतील आणि मागोमाग गिऱ्हाईक येईल. रील्स त्यांनी केल्या आणि त्या नीटनेटक्या आहेत, पण खरा उपयोग झाला तो त्यांनी संदेश वाचले त्याचा. सुरुवातीलाच त्यांनी खात्यांवरचे जुने संदेश आणि प्रतिक्रिया चाळून गिऱ्हाइकांच्या प्रश्नांची एक वही तयार केली. त्यातले निम्म्याहून अधिक प्रश्न मापाचे निघाले. कोल्हापुरी चप्पल नवी असताना अंगठ्याशी आणि पट्ट्याशी घट्ट बसते व वापराने सैल होते. दुकानात आलेल्या माणसाला आम्ही पाय घालायला लावून समजावतो, पण मुंबईत बसून बुटाच्या नंबरावर चप्पल मागवणाऱ्याला हे कळायला मार्ग नव्हता. पहिल्या दिवशी चप्पल चावली की तो ती परत पाठवी. बाईंनी कारागिराला विचारून मापाची एक साधी रीत लिहून घेतली: कागदावर पाऊल टेकवून पेन्सिलीने रेघ ओढायची, टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी आणि चवड्याची रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजायची व कागदाचा फोटो पाठवायचा. हा मजकूर व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये तयार उत्तर म्हणून साठवलेला असल्याने आता आमचा मुलगाही एका बोटात तो पाठवतो. परतीच्या पार्सलांत एवढी घट झाली की केवळ कुरिअरच्या वाचलेल्या पैशांनी त्यांच्या मानधनाचा बराच भाग निघतो.

त्याआधी हे काम एका संस्थेकडे होते. तिचे नाव येथे देत नाही. प्रत्येक सणाला तयार साच्यातले शुभेच्छापत्र, त्यावर कोपऱ्यात आमचे बोधचिन्ह, आणि महिन्याच्या शेवटी किती लोकांपर्यंत पोहोचलो याचा रंगीत अहवाल, एवढीच त्यांची सेवा होती. अनुयायी वाढले, पण त्यांतले बहुतेक कधीही चप्पल विकत न घेणाऱ्या खात्यांचे होते. त्याहून गंभीर बाब म्हणजे फेसबुक पानाचा पूर्ण ताबा त्यांनी स्वतःच्या बिझनेस खात्याखाली ठेवला होता आणि आम्हांला केवळ मर्यादित प्रवेश होता, त्यामुळे करार संपल्यावर आमचेच पान परत मिळवायला बरीच विनवणी करावी लागली. नव्या बाईंनी पहिल्या भेटीतच उलट आग्रह धरला: पूर्ण ताबा मालकाकडे, दुहेरी पडताळणीचा सांकेतिक क्रमांक मालकाच्या फोनवर, आणि त्यांना स्वतःला फक्त मजकूर टाकणे, संदेशांना उत्तर देणे व जाहिरात चालवणे एवढाच अधिकार. सेवा देणारा माणूस ही मागणी आपणहून करतो की नाही, यावरून त्याच्या सचोटीचा पुष्कळ अंदाज येतो, असे आमचे मत आहे.

त्यांच्या कामाची खरी परीक्षा जून २०२५ मध्ये झाली. इटलीतील प्राडा या कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला कोल्हापूरचा उल्लेखही न करता सादर केल्या आणि समाजमाध्यमांवर संतापाचा एकच डोंब उसळला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सच्या पत्राला उत्तर देताना कंपनीने भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली आणि जुलैमध्ये तिचे लोक कोल्हापुरात येऊन गेले. त्या काळात आमच्याही मित्रमंडळींचा आग्रह होता की खात्यावरून सणसणीत काहीतरी लिहावे. बाईंनी नकार दिला. त्यांचे म्हणणे असे होते की संताप व्यक्त करणारी खाती त्या आठवड्यात हजारो आहेत, परंतु कोल्हापुरी चप्पल कशी होते हे दाखवू शकणारी थोडीच आहेत. त्यांनी आमच्या कारागिराकडे दोन दुपार बसून बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे, तळाचे थर, हाताने घातलेली वेणी आणि शेवटचा तेलाचा हात, असे तुकडे चित्रित केले. निवेदन कारागिराच्याच आवाजात ठेवले. त्या चित्रफितींवरून आलेली विचारपूस आमच्या दुकानाने कधी पाहिली नव्हती.

मात्र विचारपूस आली ती ऐन पावसाळ्यात, आणि झाडांच्या साली-फळांनी कमावलेले कातडे पाणी पिते हे या धंद्यातल्या पोरालाही ठाऊक असते. येथे बाईंचा व्यापाराचा विवेक दिसला. प्रत्येक चौकशीला त्यांनी उत्तरातच कळवले की ही चप्पल पावसात वापरू नये आणि घाई नसेल तर नवरात्राच्या सुमारास मागवावी. तात्पुरती विक्री त्यामुळे थोडी कमी झाली असेल, पण भिजून वाकडी झालेल्या चपलांच्या तक्रारी आल्या नाहीत, आणि थांबलेल्या गिऱ्हाइकांपैकी पुष्कळ जण दसऱ्याला परत आले.

त्याच गदारोळात आजूबाजूच्या अनेक दुकानांनी आपल्या पोस्टवर ‘जीआय मानांकित’ असा शिक्का उमटवायला सुरुवात केली. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले आहे. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांसाठी आहे, आणि लिडकॉम व लिडकर या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे त्याची संयुक्त नोंद आहे. परंतु चिन्ह वापरायचे असल्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी असावी लागते. आमची नोंदणी झाली आहे का, हे बाईंनी शिक्का लावण्याआधी विचारले. आमच्या सनदी लेखापालांनीही हा प्रश्न कधी काढला नव्हता. नोंदणी होईपर्यंत त्यांनी ते चिन्ह खात्यावर येऊ दिले नाही.

किमतींच्या बाबतीतही त्यांचा एक नियम सुरुवातीला आम्हांला जाचक वाटला होता. रीलवर किंवा छायाचित्रावर त्या आकडा लिहीत नाहीत. किंमत फक्त व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये असते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडावरचा जीएसटी पाच टक्के झाला, तेव्हा या नियमाचे मोल कळले. हजाराच्या आतल्या जोडावर तोवर बारा टक्के होते आणि त्यावरच्या जोडावर अठरा, म्हणजे आमच्या जवळजवळ सगळ्या मालाची किंमत एका रात्रीत बदलली. कॅटलॉग तासाभरात दुरुस्त झाला, तर शेजारच्या दुकानदाराला जुन्या पोस्टवरच्या आकड्यांबद्दल दिवाळीपर्यंत गिऱ्हाइकांशी वाद घालावा लागला.

आता उणिवा. कातड्याचा नैसर्गिक रंग त्यांना फोनच्या कॅमेऱ्यात धरता येत नाही. त्यांच्या छायाचित्रांत तो तांबूस आणि तकतकीत दिसतो, त्यामुळे पार्सल उघडल्यावर ‘फोटोतला रंग वेगळा होता’ अशी कुरबुर होते, आणि वारंवार सांगूनही यात पुरेशी सुधारणा झालेली नाही. छायाचित्रांसाठी आम्ही आता वेगळा माणूस बोलावतो. तो खर्च वाढला. दुसरे असे की एका रीलला त्यांनी गाजत असलेले चित्रपटगीत लावले आणि काही दिवसांत तिचा आवाज बंद झाला. व्यावसायिक खात्यांना इन्स्टाग्रामवर परवानाकृत संगीताची मुभा मर्यादित असते, हे या क्षेत्रातल्या माणसाला आधीच ठाऊक असायला हवे होते. आणि त्या सायंकाळी सहानंतर उत्तर देत नाहीत. त्यांच्या घरच्या वेळेचा आम्ही आदर करतो, पण चपलांची चौकशी बहुतांशी रात्री जेवणानंतर होते, हे त्यांच्याच वहीत लिहिलेले आहे.

मासिक अहवालाबाबत एक गोष्ट आम्ही भांडून बदलून घेतली. किती लोकांनी पाहिले, किती जणांना आवडले, हे रकाने काढून टाकून आता एकाच पानावर चौकशा किती आल्या, त्यांतल्या किती विक्रीत उतरल्या, परत किती आले आणि जाहिरातीवर किती खर्च झाला, एवढेच असते. बाईंना हे प्रथम रुचले नाही, कारण ज्या महिन्यात लग्नसराई नसते त्या महिन्यात हे पान केविलवाणे दिसते. पण व्यापाऱ्याला वाचता येईल असा अहवाल हाच आहे.

ज्यांचा सगळा व्यवहार पेठेतल्या ये-जा करणाऱ्यांवर चालतो, अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस जाता जाता शिरतो आणि जोड घेऊन जातो, त्यांनी यावर पंधरा हजार घालू नयेत. मेटा बिझनेस सूट विनामूल्य आहे आणि आठवड्याचे दोन फोटो घरातली कुणीही व्यक्ती त्यावरून आधी ठरवून टाकू शकते. जे पार्सलने माल पाठवतात आणि ज्यांच्या मालाबद्दल गिऱ्हाइकाला विचारावेसे वाटते, त्यांनी मात्र नेमणुकीपूर्वी उमेदवाराला जुन्या रील्स दाखवायला सांगण्याऐवजी आपल्या खात्यावरचे वीस संदेश वाचायला द्यावेत आणि त्यांतून काय दिसले ते विचारावे.

आमचा करार आम्ही आणखी एका वर्षासाठी वाढवला आहे. मानधन दोन हजारांनी वाढले, छायाचित्रण त्यातून वगळले, आणि नवरात्रापासून दिवाळीपर्यंत रात्री आठ ते दहा या वेळेत उत्तरे देण्यासाठी त्यांनी एक सहायक ठेवावा, असे कलम नव्याने घातले आहे.