जुन्या गाडीचा रेडिएटर फॅन: नवी मोटर, रिले आणि उन्हाळा-पावसाळ्याचा अनुभव

आमची पेट्रोल हॅचबॅक कार्ब्युरेटरच्या जमान्यातली आहे. मार्चमध्ये तिला बाजारात मिळणारी पर्यायी फॅन मोटर, नवा थर्मोस्विच (कूलंट ठरावीक तापमानाला पोचले की पंखा सुरू करणारा स्विच) आणि रिलेसह (कॉइलमधल्या छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) वेगळे वायरिंग बसवून घेतले. पुण्याचा उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा गाडी रोज वापरल्यामुळे आता या तिन्ही गोष्टींविषयी काही ठामपणे सांगता येईल असे वाटते.

मूळ तक्रार अशी होती की, सिंहगड रस्त्यावरच्या संध्याकाळच्या कोंडीत तापमानाचा काटा चढत असे आणि रस्ता मोकळा झाला की तो आपोआप खाली येत असे. वेग घेतल्यावर समोरचा वारा रेडिएटर थंड करतो, त्यामुळे उभ्या गाडीतच इंजिन तापत असेल तर संशय पंख्यावर घ्यावा. याउलट महामार्गावर किंवा खंबाटकीच्या चढावर तापत असेल, तर तुंबलेला रेडिएटर, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवणारी झडप) किंवा वॉटर पंप यांच्याकडे वळावे. हा फरक लक्षात न घेता अनेक गॅरेजांत थर्मोस्टॅटच काढून टाकतात किंवा फॅन ‘डायरेक्ट’, म्हणजे सतत चालू राहील असा, करून देतात. पहिल्या उपायाने इंजिन योग्य तापमानाला येण्यास फार वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त जाते. दुसऱ्याने मोटरचे कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे ब्रश) अकारण झिजतात.

आमच्या जुन्या मोटरचे कार्बन संपत आले होते. बंद पडलेला पंखा तिला हलकेच ठोकल्यावर फिरू लागे, यावरून ते कळले. मात्र नवी मोटर जुन्याच वायरिंगवर जोडून पाहिली, तेव्हा तीही मरगळल्यासारखी फिरली. मल्टीमीटर लावल्यावर कारण उघड झाले. इंजिन बंद ठेवून आणि पंखा चालू असताना बॅटरीवर 12.5 व्होल्ट मिळत होते, पण मोटरच्या कनेक्टरवर पोहोचत होते जेमतेम 9.6. हरवलेल्या 2.9 व्होल्टपैकी 1.4 गंजलेल्या अर्थिंगमध्ये, 1.1 थर्मोस्विचमध्ये आणि उरलेले फ्यूजबॉक्समध्ये जात होते. ही मोजणी पंखा फिरत असतानाच करावी लागते. प्रवाह वाहत नसताना गंजलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो आणि टेस्ट लॅम्पसुद्धा फसवतो, कारण छोट्या दिव्याला लागणारा प्रवाह मोटरच्या मानाने नगण्य असतो.

या गाडीच्या मूळ रचनेत रिले नव्हता. पंख्याचा संपूर्ण प्रवाह, म्हणजे सुमारे 10 अँपिअर, थर्मोस्विचच्या संपर्कबिंदूंमधूनच जात असे आणि मोटर सुरू होतानाचा क्षणिक प्रवाह त्याच्या कितीतरी पट असतो. आता बॅटरीपासून 20 अँपिअरच्या फ्यूजमार्गे 4 चौरस मिलिमीटरची वायर रिलेच्या 30 क्रमांकाच्या पिनेवर येते, 87 वरून ती मोटरकडे जाते आणि थर्मोस्विचकडे 85-86 मधल्या कॉइलचा किरकोळ प्रवाह तेवढा उरतो. मोटरची अर्थिंग वायर बॉडीला न जोडता थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत नेली. त्यानंतर कनेक्टरवर 12.1 व्होल्ट मिळू लागले आणि पंख्याच्या आवाजातच फरक जाणवला. माझ्या मते खर्चाचा खरा मोबदला या वायरिंगनेच दिला. मोटर त्यानंतर येते.

कॉइलचा पुरवठा इग्निशननंतर घ्यावा की थेट बॅटरीवरून, यावर वायरमनचे आणि माझे मत वेगळे पडले. चावी काढल्यावरही पंखा फिरत राहावा, असा त्यांचा आग्रह होता. परंतु इंजिन थांबले की पट्ट्यावर चालणारा वॉटर पंपही थांबतो, त्यामुळे तेव्हा पंखा मुख्यतः रेडिएटरमधलेच पाणी थंड करत बसतो. शिवाय बोनेटखाली हात घातलेला असताना पंखा अचानक सुरू होण्याचा धोका राहतो. म्हणून मी इग्निशनचा पुरवठा निवडला.

मोटरविषयी मत संमिश्र आहे. हवा ती उत्तम ओढते, मात्र फ्रेमची छिद्रे जुळत नसल्याने वॉशर घालावे लागले. दोन्ही वायरी काळ्याच असल्याने दिशा तपासणेही भाग पडले. आमचा पंखा रेडिएटरच्या मागे असल्याने समोर धरलेला कागद पुढच्या बाजूने जाळीला चिकटला पाहिजे. तो दूर उडाला, तर मोटरचे टोक उलटे जोडले गेले असे समजावे. आत बॉल बेअरिंगऐवजी साधे बुश असावे, असे आवाजावरून वाटते. जुलैपासून थंड इंजिनवर एसी लावला की पहिला मिनिटभर बारीक किणकिण ऐकू येते. एसीसाठी दुसरा रिले समांतर जोडलेला असल्याने पंखा तेव्हाही चालतो आणि कोंडीत एसीचा गारवा पूर्वीपेक्षा बराच टिकतो, हा अनपेक्षित लाभ.

थर्मोस्विच 92 अंशांना जुळावा, म्हणजे त्याचे संपर्कबिंदू जोडले जावेत, असे त्यावर छापलेले आहे. इन्फ्रारेड थर्मामीटरने वरच्या रबरी होजवर पाहता पंखा साधारण त्याच सुमारास सुरू होतो आणि काही अंश उतरल्यावर बंद होतो. कूलंट बदलल्यानंतर एकदा तो सुरूच होईना. स्विचच्या दोन वायरी जोडल्यावर मात्र पंखा लगेच फिरला. वायरिंग ठीक, म्हणजे दोष स्विचकडे, असा निष्कर्ष काढून तो बदलण्यापूर्वी आतली हवा काढली आणि स्विच नीट चालू लागला. त्याचे टोक कूलंटमध्ये न बुडता हवेच्या पोकळीत राहिले, तर पाणी उकळू लागले तरी तो जुळेलच असे नाही.

पावसाळ्यात कुंभार्ली घाटातून चिपळूणला जाऊन आल्यावर रिलेच्या सॉकेटमध्ये हिरवट गंज दिसला. पुरवलेल्या संचात सॉकेटला रबरी टोपी नाही, ही त्यातली मोठी उणीव आहे. सॉकेटचे तोंड खाली करून तो बॅटरीच्या मागे हलवल्यापासून गंज पुन्हा धरलेला नाही.