लेझर २०० सेकंद, पथ्य तीन आठवडे: डोके-मानेच्या गाठींवरील प्रकाश-उपचाराचे परीक्षण

तोंड, जीभ किंवा घशाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झाले, तरी गाठ परत आली आणि आता या दोन्हींतले काहीच पुन्हा झेपणार नाही, अशा रुग्णांसाठी हा उपचार आहे. शिरेतून एक औषध देतात. अंधारात ते निपचित असते. ठरावीक तांबडा लेझर गाठीवर पडला की तिथल्या ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप तयार होते, पेशी मरतात आणि गाठीच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. हे परीक्षण मुख्यतः टेमोपोर्फिनचे आहे. ‘फॉस्कॅन’ या नावाने युरोपात त्याला २००१ पासून मान्यता आहे.

उपचार म्हणून तो चांगला आहे, आणि त्याचे सर्वांत मोठे बळ म्हणजे तो पुन्हा करता येतो. रेडिएशनला मात्रेची कमाल मर्यादा असते, इथे तशी नसते. किमान चार आठवडे गेले की दुसरी फेरी देता येते. पण गोव्यात राहून तो घ्यायचा असेल तर यंत्राआधी घर बघावे. लेझरचे काम काही मिनिटांत आटोपते आणि नंतरचे दिवस उन्हापासून सांभाळण्यात जातात.

आधी वेळापत्रक. मात्रा किलोमागे ०.१५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९ मिलिग्रॅम. कोपराजवळच्या मोठ्या शिरेतून, किमान सहा मिनिटे घेऊन, सावकाश. घाई केली आणि औषध शिरेबाहेर झिरपले तर तो हात पुढे कित्येक महिने उजेडापासून जपावा लागतो. लेझर इंजेक्शननंतर ९० ते ११० तासांच्या आतच द्यायचा असतो, साधारण ९६ व्या तासाला. सोमवारी सकाळी दहाला सुई टोचली तर शुक्रवारी सकाळी दहा ही नेमकी वेळ, आणि शुक्रवारी मध्यरात्री मुदत संपली. म्हणून त्या शुक्रवारी सुट्टी आहे का, लेझर बिघडला तर पर्याय काय, भूल देणारे डॉक्टर हजर आहेत का, हे इंजेक्शनच्या आधी विचारून घ्यावे. औषध अंगात गेले आणि लेझर मिळाला नाही, तर पथ्य तेवढे पदरी पडते.

लेझरची तरंगलांबी ६५२ नॅनोमीटर. दर चौरस सेंटिमीटरला १०० मिलिवॉट, २०० सेकंद; गुणाकार केला की २० ज्यूल. गाठीच्या कडेबाहेर अर्धा सेंटिमीटर उजेड पोचला पाहिजे आणि त्यापलीकडचे निरोगी अस्तर झाकलेले हवे, कारण तोंडात ओल्या पृष्ठभागावरून उजेड परततो आणि नको तिथे भाजतो. गाठ मोठी असेल तर तुकडे पाडून लेझर देतात. दोन तुकडे एकमेकांवर चढले तर तिथे मात्रा दुप्पट होते. उजेड आत साधारण एक सेंटिमीटरच पोचतो, त्यामुळे मानेतल्या खोल गाठींना हा वरचा लेझर उपयोगाचा नाही. गाठ मोठ्या रक्तवाहिनीत शिरली असेल तर उपचार करूच नये. मेलेला भाग गळून पडताना जीवघेणा रक्तस्राव होतो. जिभेच्या मुळाशी सूज येऊन श्वास अडू शकतो, तेव्हा श्वासनलिकेला छिद्र पाडण्याची तयारी आधीच हवी. वेदना चांगलीच असते. साध्या गोळ्यांवर भागवू पाहणारा विभाग मला पसंत नाही. खायला गार झालेली पातळ पेज चालते, सोलकढी मात्र झोंबते.

आता घर. पहिल्या दिवशी, म्हणजे सुई टोचली त्या दिवशी, पडदे ओढलेली खोली आणि मंद दिवा. आपल्या जुन्या कौलारू घरांत छपरात मधे मधे काचेची कौले असतात. पडदे लावले तरी दुपारी त्यातून उन्हाचा कवडसा थेट खाटेवर येतो. ती आधी झाकून घ्या. दुसऱ्या ते सातव्या दिवसापर्यंत घरातला नेहमीचा उजेड हळूहळू वाढवायचा. टीव्ही चालतो, पण वाचायचा दिवा तोंडावर नको. बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओसरीवर, बसायचे ते तिन्हीसांज झाल्यावर. दिवसा बाहेर पडणे अगदीच टळत नसेल तर रुंद काठाची टोपी, काळा चष्मा, हातमोजे, मोजे आणि घट्ट विणीचे गडद कपडे घालावेत. सनस्क्रीनचा भरवसा धरू नये. ते मुख्यतः अतिनील किरण अडवते, आणि हे औषध डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेच जागे होते. आठव्या दिवसापासून सावलीत दहा-पंधरा मिनिटे. पंधराव्या दिवशी हाताची मागची बाजू पाच मिनिटे उन्हात धरून २४ तास थांबायचे. लाल झाली नाही तर रोज थोडे थोडे ऊन वाढवायचे. बहुतेक जण बाविसाव्या दिवसापर्यंत पूर्ववत होतात.

मुंबईत उपचार घेऊन कोकणकन्येने परतणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: रात्रीचा प्रवास सोयीचा वाटतो, पण गाडी मडगावला उतरवते ती भर उजेडात. पहिला आठवडा रुग्णालयाजवळच काढलेला बरा. तारीख आपल्या हातात असेल तर पावसाळा निवडावा, ढगाळ दिवस पथ्याला मदत करतात. मात्र त्याच दिवसांत लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस या तापासाठी) डॉक्सिसायक्लिन देतात आणि तेही उन्हाची बाधा वाढवते, तेव्हा चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना दाखवा.

जपानने सप्टेंबर २०२० मध्ये मान्य केलेले ‘अकॅलक्स’ वेगळ्या जातीचे आहे. त्यात रंगद्रव्य सेटक्सिमॅब या प्रतिपिंडाला जोडलेले असते, लेझर ६९० नॅनोमीटरचा असतो आणि तो २० ते २८ तासांत, म्हणजे दुसऱ्याच दिवशी देतात. चार दिवस थांबावे लागत नाही, ही मोठी सोय. खोल गाठीत सुईसारखे तंतू खुपसूनही उजेड देता येतो. थेट ऊन मात्र चार आठवडे टाळायचेच.

सौंदर्य-चिकित्सालयांतल्या तांबड्या दिव्यांचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. औषधाशिवाय तो उजेड गाठीचे काही करत नाही. आणि गाठ लहान, पहिलीच असेल तर गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) शस्त्रक्रियेची तारीख घ्यावी, या उपचाराची वाट पाहू नये.

रुग्णाच्या खिशात औषधाचे नाव आणि इंजेक्शनची तारीख लिहिलेले कार्ड हवेच. १०८ बोलवावी लागली तर बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरच्या दिव्यानेही कातडी भाजते. तो दर दहा-पंधरा मिनिटांनी दुसऱ्या बोटावर हलवायला सांगा. डोळे तपासणे ३० दिवस पुढे ढकला, आणि दंतवैद्याकडे जावेच लागले तर खुर्चीवरच्या दिव्याबद्दल आधी बोला. ज्या हाताला सुई टोचली होती त्यावर सहा महिने लांब बाही ठेवा, स्कूटर चालवताना तर नक्कीच.