हिरव्या दिव्यावर विसंबू नका: उघड्यावर उभ्या विमानासाठी फिरतं झटका कुंपण, काही महिन्यांच्या वापरानंतर

मशीनचा हिरवा दिवा नेमाने लुकलुकत होता, टक्-टक् आवाजही येत होता, आणि तरीही एक गाय कुंपणाच्या दोन वीजवाहक पट्ट्यांच्या मधून मान घालून माझ्या विमानाचा एलिव्हेटर (शेपटीवरचा हलणारा आडवा भाग) चाटत उभी होती. पट्टी तिच्या मानेला सरळ टेकलेली, पण तिला काहीही होत नव्हतं. त्याच संध्याकाळी या किटला एक स्टार द्यायचं मी ठरवलं होतं. पुढच्या काही आठवड्यांत बरंच कळलं आणि मत बऱ्यापैकी बदललं. दिव्याबद्दलचा राग मात्र तसाच आहे, आणि तो का आहे ते खाली सविस्तर लिहितो.

विमान दोन आसनी, कापडी आवरणाचं, शेपटीला चाक असलेलं. हँगर नाही. गवती धावपट्टीच्या कडेला टायडाऊनला, म्हणजे जमिनीत रोवलेल्या खुंट्यांना, बांधून ठेवतो आणि आसपास गुरं मोकळी चरतात. ज्यांची विमानं हँगरमध्ये असतात त्यांना गुरांचा त्रास किती असतो ते कळणं कठीण आहे. गुरांना अंग घासायला काहीतरी लागतंच, आणि उंच पंखांच्या विमानाचा स्ट्रट (पंखाला आधार देणारा तिरका दांडा) अगदी त्यांच्या खांद्याशी येतो. कापडावरचं रंग-रोगण ती चाटतात, चावतातही. शिंग लागलं की कापड फाटतं ते दिसतं तरी. एलिव्हेटरची मागची कड किंचित वाकली किंवा पिटो ट्यूब (वेग मोजण्यासाठी समोरची हवा घेणारी नळी) जरा तिरकी झाली तर ते चटकन दिसत नाही, आणि वेगाचा काटा चुकीचा आकडा दाखवायला लागतो. हे आकाशात गेल्यावर कळण्यात काही अर्थ नाही.

प्राणी बदलतात, दुखणं तेच राहतं. आफ्रिकेत तरसं टायर चावतात, म्हणून रानात उतरणारे वैमानिक चाकांभोवती काटेरी फांद्या रचतात. साळिंदरं टायर आणि ब्रेकची नळी कुरतडतात. अलास्कात अस्वलं कापडी विमानं अक्षरशः फाडतात. २००९ साली तिथे एका अस्वलाने फाडलेलं छोटं पायपर विमान चिकटपट्टीने डागडुजी करून परत उडवत आणलं होतं, त्याचे फोटो अनेकांनी पाहिले असतील. त्या भागात विमानाभोवती बॅटरीवरचं झटका कुंपण लावणं ही रूढ पद्धत आहे. म्हणजे कल्पना पारखलेली आहे. प्रश्न होता तो या किटचा.

आधी हिशोब, कारण खोक्यावर "एका विमानासाठी पुरेसं" असं छापलेलं आहे. पंखांचा पसारा साडेदहा मीटर, लांबी सात मीटर. चारी बाजूंनी किमान दीड मीटर मोकळं सोडायलाच हवं, कारण वाऱ्याने पंख हलतात आणि पट्टीही फडफडते. म्हणजे आयत साडेतेरा बाय दहा, घेर ४७ मीटर. गुरांसाठी दोन ओळी चालून जातात, पण वासरं, कुत्री आणि रानडुकरं धरली तर तीन हव्यात, म्हणजे जवळजवळ १४० मीटर पट्टी. खोक्यात ५० मीटरचं एकच रीळ. फायबरच्या काठ्याही तीन-तीन मीटरवर लावायच्या तर १६ लागतात, दिल्यात १०. हा संच तंबूसाठी बेतलेला आहे आणि चित्र फक्त विमानाचं लावलंय, असं माझं स्पष्ट मत आहे. जादा रीळ आणि काठ्या मी शेतीच्या सामानातून घेतल्या. त्या निम्म्याहून स्वस्त पडल्या आणि किटमधल्यांपेक्षा जास्त टिकल्या. ब्रँडच्या नावासाठी जादा पैसे मोजू नका.

आता दिवा. तो फक्त एवढंच सांगतो की मशीनच्या आतला कपॅसिटर (झटक्याची वीज साठवणारा भाग) भरतोय आणि रिकामा होतोय. पट्टीत किती व्होल्ट पोचतात, पट्टी कुठे तुटली आहे का, ओलं गवत टेकून सगळी ताकद जमिनीत जिरतेय का, यातलं काहीही त्याला ठाऊक नसतं. पट्टी पूर्ण काढून ठेवली तरी तो तितक्याच आत्मविश्वासाने लुकलुकतो. मी हे करून पाहिलं. ज्या वस्तूवर विसंबून माणूस विमान रात्रभर एकटं सोडून घरी जातो, त्या वस्तूवर असा दिवा लावणं ही साधी उणीव नाही, ती दिशाभूल आहे. साधा आकडा दाखवणारी काच किंवा व्होल्टेज पडलं की लागणारा लाल दिवा, एवढंच हवं होतं. शेतीसाठीच्या बऱ्याच मशीनवर ते असतं.

पट्टीवरचे व्होल्ट मोजणारा टेस्टरही खोक्यात नाही. तो वेगळा घ्यावा लागतो आणि कंपनीचा फार महाग आहे. मी साधा शेतीचा डिजिटल टेस्टर घेतला. पहिलं वाचन १८०० व्होल्ट. गुरांना खरं तर ३००० च्या वर हवेत, आणि अस्वलासारख्या दाट केसांच्या प्राण्याला पाच-सहा हजारांच्या खाली काही जाणवत नाही.

मग सर्व्हिस सेंटर. मशीन पाठवलं, "दोष आढळला नाही" असा शेरा मारून परत आलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा तोच शेरा. फोनवरचा माणूस दर वेळी पहिला प्रश्न तोच विचारायचा, "दिवा लागतोय ना साहेब?" जमीन कशी आहे, अर्थिंगचा रॉड किती खोल आहे, पट्टीवर किती व्होल्ट येतात, हे एकदाही कुणी विचारलं नाही. त्या वादात माझे आठवडे गेले आणि तेवढा काळ विमान उघडं राहिलं. त्याचा संताप अजून आहे.

खरं कारण शेवटी मीच शोधलं. झटका लागायचा तर विजेला पूर्ण फेरा मारून मशीनकडे परत यावं लागतं. पट्टीतून प्राण्यात, प्राण्याच्या पायातून जमिनीत, जमिनीतून अर्थिंगच्या रॉडमध्ये आणि रॉडमधून मशीनमध्ये. या फेऱ्यातला सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे रॉड. किटमधला रॉड वीतभर लांबीचा आणि बोटापेक्षा बारीक आहे, आणि पुस्तिकेत लिहिलंय की एकच पुरे. पावसाळ्यात ओल्या मातीत तो कसाबसा चालला. जमीन वाळली तसा त्याचा उपयोग संपला. कोरडी माती वीज जवळजवळ नेतच नाही, मग मशीन कितीही दणकट असलं तरी गाईला काही कळायचं कारण नाही.

तपासायची पद्धत सोपी आहे. कुंपणाच्या लांबच्या टोकाला एक-दोन लोखंडी सळया जमिनीत ठोकून पट्टीला टेकवायच्या, म्हणजे व्होल्टेज मुद्दाम २००० च्या खाली पडतं. मग टेस्टरचं एक टोक अर्थिंगच्या रॉडला आणि दुसरं टोक जरा दूर मातीत खुपसायचं. रॉडवर दोन-तीनशे व्होल्टपेक्षा जास्त दिसले की अर्थिंग अपुरं. माझ्याकडे नऊशे दिसले.

नंतरची भर: आता मीटरभर लांबीचे, जस्त चढवलेले तीन रॉड तीन-तीन मीटर अंतरावर ठोकलेत आणि एकाच वायरने जोडलेत. मधली पट्टी झटक्याच्या टर्मिनलवरून काढून अर्थिंगला जोडली. म्हणजे जनावराने मान घातली की वरची झटक्याची आणि मधली अर्थिंगची, दोन्ही पट्ट्या एकदम लागतात आणि फेरा जमिनीविना पूर्ण होतो. कोरड्या, खडकाळ जागेसाठी हाच उपाय आहे. आता पट्टीवर ६५०० व्होल्ट मिळतात. तेच मशीन, तीच बॅटरी. म्हणून एक स्टारवरून तीनवर आलो.

पहिल्यांदा नीट झटका बसलेली गाय मी जवळून पाहिली. तिने आधी नाक पुढे केलं, जसं त्या कुठल्याही नव्या वस्तूला करतात. ओलं नाक पट्टीला लागलं, ती एक पाऊल मागे सरकली, कान मागे गेले, आणि ती दहा-बारा हात लांब जाऊन चरायला लागली. इजा काही नाही. दुसऱ्या दिवसापासून तो सगळा कळप पांढऱ्या पट्टीपासून अंतर राखून चरतो. बारीक तारेऐवजी रुंद पांढरी पट्टी घ्या ती याचसाठी. जनावराला ती दिसायला हवी आणि त्याने आधी नाकाने तपासायला हवी. न दिसलेली तार पळता पळता अंगावर आली तर जनावर घाबरून आतच घुसतं, आणि आत विमान असतं. याच कारणाने, चालू करण्याआधी कुंपणाच्या आत एकही प्राणी नाही ना ते बघा.

अर्थिंगबद्दल एक गोष्ट फार महत्त्वाची. टायडाऊनची लोखंडी खुंटी आयती जमिनीत रोवलेली असते, आणि अर्थिंगची क्लिप तिलाच लावावी असं वाटतं. लावू नका. साखळीने विमान त्या खुंटीला बांधलेलं असेल तर झटक्याचा परतीचा मार्ग विमानाच्या सांगाड्याशी जोडला जातो. रॉड विमानापासून आणि खुंट्यांपासून लांब, वेगळे ठोका. सुटी पट्टी पंखाला टेकली तरी रबरी टायरवर उभं असलेलं अख्खं विमान दर सेकंदाला हजारो व्होल्टवर जातं आणि दाराला हात लावणाऱ्याला झटका बसतो. रेडिओ आणि इतर उपकरणांना हे अजिबात मानवणार नाही.

इंधनाचा नियम माझ्याकडे एकच आहे. मशीन बंद करून पट्टीची क्लिप हातात घेतल्याशिवाय टाकीचं झाकण उघडायचं नाही आणि तळातून इंधनाचा नमुनाही काढायचा नाही. पट्टीला गवत टेकलं की तिथे ठिणग्या उडतात. अंधारात त्या डोळ्यांनी दिसतात. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते. पुस्तिकेत यावर एक ओळही नाही, आणि हे कुंपण विमानासाठी म्हणून विकलं जातं!

त्या ठिणग्यांचा एक फायदा मात्र अनपेक्षित मिळाला. मीडियम वेव्हचा छोटा ट्रान्झिस्टर दोन स्टेशनांच्या मध्ये लावून कुंपणाभोवती फिरा. जिथे गळती असेल तिथे टिक्-टिक् मोठी होते. गवताची एक पात, चिरलेला इन्सुलेटर, ओली काठी, सगळं सापडतं. विमानाचा रेडिओ चालू केल्यावर हेडसेटमध्ये ठरावीक अंतराने टिक् ऐकू आली तर कुंपण कुठेतरी गळतंय असं समजा. पट्टीखालचं गवत दर आठवड्याला कापावं लागतं, त्याला पर्याय नाही.

उड्डाणाआधी कुंपण पूर्ण काढा, फक्त समोरची बाजू उघडून भागवू नका. प्रोपेलरच्या झोताने सुटी पट्टी उडते आणि चाकात किंवा पंख्यात गुंडाळली जाऊ शकते. मी काठ्या मोजून पिशवीत भरतो आणि मशीनच्या स्विचची किल्ली कंट्रोल लॉकच्या (उभ्या विमानाची नियंत्रणं जखडून ठेवणाऱ्या कुलपाच्या) लाल फितीला बांधलेली असते. किल्ली हातात आल्याशिवाय मी लॉक काढत नाही, लॉक काढल्याशिवाय विमान हलवत नाही. पिशवी सोबत नेणार असाल तर बॅटरी घट्ट बांधा आणि तिचं वजन लोडिंगच्या हिशोबात धरा.

बॅटरी ठीक आहे. ढगाळ दिवसांत सोलर पॅनलचा भरवसा नाही, जादा बारा व्होल्टची बॅटरी जवळ ठेवा. बॅटरी उतरत आली तरी हिरवा दिवा लुकलुकतोच, हे सांगायला नको.

उंदीर आणि पक्षी यांच्यावर या कुंपणाचा काही इलाज नाही. इंजिनाच्या झाकणातली घरटी पूर्वीसारखीच तपासावी लागतात. केबिनमध्ये खाण्याचा वास राहिला तर भुकेलं जनावर झटकाही सोसतं, तेव्हा आतली सफाई टाळू नका. माणसांच्या बाजूला पिवळी सूचनापाटी लावा आणि धावपट्टी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना आधी कळवा.

आणि कुणी स्वस्तातला उपाय म्हणून मशीनऐवजी थेट वीजजोडणीची लाईन तारेत सोडायचं सुचवलं तर त्याला तिथेच थांबवा. झटका मशीन सेकंदाला जेमतेम एक, अगदी क्षणभराचा ठोका देतं. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या ६०३३५-२-७६ या मानकानुसार त्याची ऊर्जा पाच ज्यूलपर्यंतच ठेवलेली असते, म्हणून जनावर आणि माणूस दोघेही हात-नाक मागे घेऊ शकतात. सरळ लाईन अखंड वाहते, पकडून ठेवते आणि मारते. विमान वाचवायला कुणाचा जीव घ्यायचा नाही.

घ्यावं का? विमान नेहमी एकाच जागी उभं राहत असेल तर हे किट घेऊ नका. आकडा दाखवणारं शेतीचं झटका मशीन, रुंद पट्टी आणि तीन चांगले रॉड सुटे घ्या. वेगवेगळ्या धावपट्ट्यांवर उतरून रात्र काढणार असाल तर याचं हलकं मशीन आणि घडीच्या काठ्या खरंच सोयीच्या आहेत, पण टेस्टर आणि लांब रॉड पहिल्या दिवसापासून सोबत हवेत. कंपनीला दिव्याबद्दल मी लेखी कळवलंय, उत्तर अजून आलेलं नाही. उत्तर येईपर्यंत तीन स्टार.