काजव्यांचा हंगाम: माळ तंबूवाल्याला द्यावा की पाहुणे घरी उतरवावेत?

मेअखेरीपासून पाऊस नीट लागेपर्यंत भंडारदरा-कळसूबाई पट्ट्यात काजवे पाहायला झुंबड उडते. महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासींच्या गावांपुढे तेव्हा दोन वाटा असतात: माळ तंबूवाल्याला भाड्याने द्यायचा, नाहीतर अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीसारखे पाहुणे घरोघरी उतरवायचे.

तंबूवाला आगाऊ रोख देतो आणि घरात काही बदलावं लागत नाही, हे खरंच. पण भाडं एकाच्या हातात पडतं, कचरा मात्र अख्ख्या गावाच्या वाट्याला येतो. शिवाय आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला भाडेपट्ट्याने द्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. तोंडी सौद्यात पैसे अडकले तर कागद नसतो.

घरोघरीच्या पद्धतीत मेहनत जास्त, आणि ती नेमकी चुकीच्या वेळी येते. याच दिवसांत राबात, म्हणजे भाजून घेतलेल्या रोपवाटिकेत, भाताची धूळपेरणी (पावसाआधी कोरड्या मातीतली पेरणी) चालू असते. म्हणून पाळीची वही हवीच: घराचं नाव, तारीख, पाहुणे किती, पैसे किती. पेरणी ज्या दिवशी, त्या दिवशी ते घर पाळीतून वगळायचं. वही एकाच माणसाकडे राहिली की ओळखीच्या घरांनाच पाहुणे मिळतात आणि भांडणं लागतात. ती बचत गटाने ठेवावी आणि महिन्याला ग्रामसभेत वाचावी. एका घरी चारच पाहुणे. दर ठरवताना जेवण, मुक्काम, वाटाड्या आणि गावनिधी वेगवेगळे लिहावेत, म्हणजे कुणाला काय मिळालं ते दिसतं. मेमध्ये विहिरी तळाला जातात. आंघोळीला माणशी एक बादली, हे बुकिंगच्या वेळीच सांगावं.

काजव्यांसाठीही हीच पद्धत बरी. त्यांच्या अळ्या ओलसर मातीत, पाचोळ्यात वाढतात. तंबू आणि गाड्यांखाली ती जमीन दाबली जाते. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर चमकून नर-मादी एकमेकांना खुणावतात, ते हेडलाइट आणि फ्लॅशमुळे विस्कटतं. लहान गट असला तर वाटाड्या टॉर्चला लाल कागद लावायला लावू शकतो, गाड्या गावाबाहेर थांबवू शकतो. दोनशे माणसांपुढे त्याचं कुणी ऐकत नाही.

वापरायोग्य शौचालय असलेली पाच-सहा घरंही नसतील, तर यंदा पाहुणे घरी उतरवू नयेत. आधी शौचालयं, मग बुकिंग. तोवर तंबूच लावायचे असतील तर बचत गटाचे, मोजके आणि झाडांपासून लांब.