हातात मावणारं शिलाई मशीन: कुठे चालतं, कुठे दगा देतं

स्टेपलरएवढं, पांढऱ्या प्लास्टिकचं, चार पेन्सिल सेलवर चालणारं हे मशीन जत्रेतल्या पालावरही मिळतं आणि ऑनलाइनही. बहुतेक ठिकाणी पाचशे रुपयांच्या आत. खोक्यावरची नावं वेगवेगळी असली तरी आतली रचना जवळजवळ एकच असते, म्हणून हे परीक्षण एका कंपनीच्या मालाचं नसून या जातीच्या मशीनचं आहे. गोव्यात चतुर्थी जवळ आली की टेलरकडे नव्या कपड्यांचे ढीग लागतात. उसवलेली बगल घेऊन गेलं की ‘सण झाल्यावर आणा’ असं ऐकावं लागतं. अशा वेळी हे मशीन घ्यावंसं वाटणं साहजिक आहे. घेण्याआधी मात्र ते टाका कसा घालतं हे समजून घ्यायला हवं.

पडद्याची खालची दुमड, उशीचा अभ्रा, गाऊनची किंवा परकराची सरळ उसवलेली कड, मुलीच्या फ्रॉकचा घेर एवढ्या कामांना ते चालतं. बगल, पँटचं आसन, खिशाचं टोक, चेन, जीन्स आणि शाळेचं दप्तर यांना अजिबात चालत नाही.

याचं कारण टाक्यात आहे. घरातल्या काळ्या पायमशीनला दोन धागे लागतात, वरचा रिळाचा आणि खालचा बॉबिनचा. दोघांची कापडाच्या मध्ये अढी बसते, म्हणून एक टाका तुटला तरी शेजारचे बरेचसे जागेवर राहतात. या छोट्या मशीनला बॉबिनच नसते. सुई खाली जाते, वर येताना धाग्याचा फास तयार होतो, खालचा आकडा (हुक) तो फास धरून ठेवतो आणि पुढच्या खेपेला सुई त्याच फासातून उतरते. म्हणजे हा एका धाग्याचा साखळी टाका. वरून बघितलं तर साधी टीप दिसते, कापड उलटलं की साखळी दिसते. तांदळाच्या पोत्याचं तोंड आठवा: बरोबर टोक सापडलं की सगळी शिवण एका ओढीत सरसर निघते. इथेही तसंच. शेवटचा फास मोकळा राहिला, किंवा मधे धागा तुटला, की तिथून मागे सगळं उसवत जातं. पोत्याला हे सोयीचं, सदऱ्याच्या बगलेला नाही. तिथे हात वर केला की दर वेळी शिवणीवर ताण येतो.

म्हणून या मशीनवर शिवण संपवायची रीत नीट पाळावी लागते. शेवटचा टाका झाला की मशीन बंद करून बाजूचं चाक हाताने फिरवायचं आणि सुई पूर्ण वर आणायची. कापड दाबून धरणारा मशीनचा पाय उचलायचा. वरचा धागा सुईजवळ हलकेच ढिला करून तीनेक इंच मोकळा घ्यायचा आणि मगच कापायचा. मग कापड हळूच बाहेर काढून उलटायचं. कापलेलं टोक साध्या सुईने खालच्या बाजूला घ्यायचं, शेवटच्या फासातून ओवायचं, आवळायचं आणि त्याच जागी आणखी दोन गाठी मारायच्या. बहुतेकांची शिवण पहिल्याच धुण्यात निघते ती इथे: कापड तसंच ओढून काढलं की फास सुटलेला असतो. गाठीवरही भरवसा नसेल, तर दोन्ही टोकांना हातटिपेचे चार-पाच टाके घाला (रीत पुढे दिली आहे). पडद्यासारख्या लांब कामाला दोन ओळी शिवाव्यात, दुसरी ओळ उलट टोकाकडून सुरू करून.

धागा ओवण्याची वाट सूचनापत्रिकेच्या बारीक चित्रात नीट दिसत नाही. मशीन बहुधा धागा ओवूनच येतं. तो धागा संपायच्या आत रिळाजवळ कापा, नव्या धाग्याचं टोक त्याला बारीक गाठीने बांधा आणि सुईच्या बाजूने हळूच ओढा. गाठ सुईशी आली की कापून फक्त नेढ्यातून नवा धागा ओवायचा. सगळ्या कड्या आपोआप बरोबर ओवल्या जातात.

टाके चुकणं ही यातली सर्वांत मोठी डोकेदुखी, आणि तिची कारणं ठरलेली आहेत. सुई अर्धा मिलिमीटर जरी खाली सरकली किंवा थोडी फिरली, तरी आकड्याला फास सापडत नाही. म्हणून सुई वरपर्यंत टेकवूनच स्क्रू आवळायचा. जाड कापड घातलं की प्लास्टिकचा हात किंचित वाकतो, सुई आणि आकडा यांच्यातलं अंतर बदलतं आणि फास निसटतो. सुती कापडाचे चार पदर ही याची व्यवहारातली मर्यादा. जीन्सची दुहेरी शिवण आली की सुई वाकते किंवा मोडते, आणि मोडलेला तुकडा कुठेही उडू शकतो. टी-शर्टचं विणीचं कापड सुईबरोबर वर उचललं जातं, त्यामुळे फासच तयार होत नाही. खाली पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर कागद फाडून काढा, बराच फरक पडतो. चौथं कारण सेल. पुन्हा चार्ज होणारे सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे असतात, म्हणजे चारांचे ४.८, साध्या सेलचे ६. त्यामुळे चार्जच्या सेलवर मोटर मंद चालते. आणि कापड कधीही ओढू नका. नुसतं सरळ धरायचं, पुढे नेण्याचं काम मशीनचं. ओढलं की सुई तिरकी होऊन खालच्या पत्र्यावर आपटते.

जिथे हे मशीन चालत नाही, तिथे हातटीप चालते, आणि पाच इंचांची बगल शिवायला पंधरा-वीस मिनिटांच्या वर लागत नाही. रिळातून आधी निघालेलं टोक नेढ्यात ओवा, कापलेल्या टोकाला गाठ मारा. असं केलं की धाग्याला कमी पीळ पडतो. धागा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता ठरलेला. जिथून उसवलं आहे त्याच्या दोन सेंटिमीटर आधीपासून, जुन्या टिपेवरूनच सुरुवात करायची. सुई कापडातून वर काढा, दोन-तीन मिलिमीटर मागे टोचा, खालून दुप्पट पुढे जाऊन वर काढा, पुन्हा मागच्या टाक्याला भिडवून टोचा. शेवटही जुन्या टिपेवर दोन सेंटिमीटर चढवूनच करायचा. नवी शिवण टोकापाशी पुन्हा उसवते, ती नेमकी हा चढाव न दिल्यामुळे.

खिळ्याला किंवा कुंपणाच्या तारेला अडकून काटकोनात फाटलेलं कापड तर कुठल्याच मशीनने नीट जुळत नाही. आतून त्याच रंगाच्या पातळ कापडाचा तुकडा लावा, फाटीपेक्षा सगळीकडून दोन सेंटिमीटर मोठा, आणि कच्च्या टाक्यांनी बसवा. फाटीच्या कडा एकमेकींना फक्त भिडवायच्या, एकीवर दुसरी चढवायची नाही. मग फाटीच्या पलीकडे अर्धा सेंटिमीटर जाऊन, फाटीला आडवे बारीक धावटाके घालत ओळीमागून ओळ करत चला, ओळींत मिलिमीटर-दीड मिलिमीटर अंतर ठेवून. प्रत्येक वळणावर धागा घट्ट ओढू नका, टाचणीच्या डोक्याएवढा फास मोकळा सोडा. नाहीतर धुतल्यावर धागा आटतो आणि तिथे कापड गोळा होतं. कोपऱ्यावर दोन्ही बाजूंच्या ओळी एकमेकींना छेदून जाऊ द्या, कारण पुन्हा फाटलं तर तिथूनच फाटतं. लाल चौकडीच्या कुणबी लुगड्याचं रफू यापेक्षा सोपं जातं. सूत जाड असल्यामुळे उभा-आडवा धागा डोळ्यांना दिसतो आणि चौकडीच्या रेषा धरून सुई चालवता येते.

मशीनसोबत येणारे छोट्या रिळांचे रंगीत संच बघायला छान, पण त्यातला धागा बहुतेक वेळा केसाळ असतो आणि झटका दिला की तुटतो. ते वापरू नका. म्हापशाला किंवा मडगावला बाजारात जाताना कापड सोबत न्या, धागा दुकानाच्या दिव्याखाली न बघता बाहेर उजेडात लावून बघा, आणि नेमका रंग मिळत नसेल तर एक छटा गडद घ्या. शिवल्यावर धागा थोडा फिका दिसतो. गणवेशाच्या टेरिकॉटला पॉलिएस्टरचा धागा चांगला, लवकर वाळतो आणि पावसाळ्यात त्याला बुरशी सहसा धरत नाही. पण धुऊन धुऊन मऊ झालेल्या जुन्या सुती कापडाला तोच धागा करवतीसारखा कापतो. तिथे सुती धागाच घ्यावा, म्हणजे ताण आला तर धागा तुटेल, कापड वाचेल. सुई घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: हातसुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, आणि मशीनच्या सुईचं नेमकं उलट. सदऱ्याच्या कापडाला हाताची ८ नंबरची आणि मशीनची १४ नंबरची सुई बरोबर बसते.

या मशीनचा आणि त्याच्यासोबतच्या सुयांचा गोव्यातला खरा शत्रू पावसाळा. सेल आत तसेच ठेवले तर ते फुटून त्यांची खारट पांढरी भुकटी स्प्रिंगवर चढते आणि पुढच्या वेळी बटण दाबलं तरी मशीन हलत नाही. काम झालं की सेल काढून ठेवा. स्प्रिंगवर आधीच भुकटी असेल तर कापसावर व्हिनेगर घेऊन पुसा, कोरडं करा, मगच नवे सेल घाला. डब्यातल्या स्पंजमध्ये खोचलेल्या सुया सर्वांत आधी गंजतात, कारण स्पंज दमट हवा धरून ठेवतो. त्या लोकरीच्या जुन्या तुकड्यात टोचून घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, आणि औषधांच्या बाटलीत किंवा नव्या चपलांच्या खोक्यात मिळणारी सिलिकाची पुडी त्यात टाका. सुई किंचित खरखरीत लागली तर बारीक पॉलिश पेपरमधून दोनदा ओढून घेता येते. काळा ठिपका पडलेली मात्र टाकूनच द्या, पांढऱ्या सदऱ्यावर तिचा डाग पडतो आणि तो सहज जात नाही.

जत्रेत घेणार असाल तर विक्रेता दाखवतो त्या पातळ चिंधीवर समाधान मानू नका. आपला रुमाल चौपदरी करून त्यावर वीतभर शिवून मागा. मग रुमाल उलटा करून साखळीचे फास मोजा. मधे एक जरी गळला असेल तर ते मशीन तिथेच ठेवून दुसरं मागा.