घासाईचे पैसे घेतले, पण घासलंच नाही

गणपतीच्या तोंडावर मुंबईत रंगारी मिळत नाही, आणि मिळाला तर तो घाईत असतो. या घाईवरच काही जणांचं पोट चालतं. किचनची जुनी कपाटं रंगवून घेणार असाल तर आमच्याकडे काय झालं ते वाचा, मग ॲडव्हान्स द्या.

मुलुंडला जुन्या सोसायटीत आमचं घर. ओट्याखालच्या कपाटांना सनमायका, वरच्या लाकडी कपाटांवर वर्षानुवर्षांचा ऑइल पेंट. प्लाय अजून ठणठणीत, म्हणून मोडतोड न करता रंगवायचं ठरलं. ओळखीतून आलेला कॉन्ट्रॅक्टर गोड बोलणारा. आईला पहिल्याच भेटीत ‘मावशी’ म्हणायला लागला. कोटेशन लिहून दिलं: शटर (कपाटांची दारं) काढणे-लावणे, चिकटा धुणे, घासाई, लांबी (भेगा-खड्डे बुजवायचा लगदा), प्रायमर, रंगाचे दोन हात. एकूण ३८,००० रुपये, त्यातले निम्म्याहून जास्त रंगाआधीच्या तयारीचे.

तयारीला एवढे पैसे हे रास्तच आहे. फोडणीच्या वाफेने बसलेला तेलकट थर आधी धुण्याच्या सोड्याने उतरवावा लागतो. तो तसाच ठेवून पॉलिश पेपर मारला तर तेल ओरखड्यांत आणखी रुतून बसतं. मग सनमायकाची चकाकी जाईपर्यंत घासायचं, धूळ पुसायची, गुळगुळीत पृष्ठभाग धरून ठेवणारा प्रायमर लावायचा आणि तो नीट वाळू द्यायचा. पावसाळी हवेत वाळायलाही जास्त वेळ लागतो. पण एकदा रंग चढला की यातलं काहीच दिसत नाही, आणि लबाडीला जागा नेमकी तिथेच.

“मावशी, धुळीने तुम्हाला दम लागेल. घासाई होईस्तोवर बहिणीकडे जाऊन या.” आई ठाण्याला गेली, मी ऑफिसला. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर फोटो आला: भिंतीला टेकवलेली शटरं, घासून पांढुरकी झालेली, खाली धुळीचा ढीग. “ताई, घासाई झाली, मटेरियल आणायचंय, थोडे पैसे सोडा.” मी सोडले. आई परतली तेव्हा कपाटं नव्यासारखी चकचकत होती.

गणपतीत मोदकांची वाफ लागली आणि गॅसच्या वरच्या शटरला फुगा आला. नखाने कोपरा उचलला तर तळहाताएवढा पापुद्रा अलगद हातात आला. उलटा करून पाहिला. प्रायमरचा पांढरा थर कुठेच नाही. रंगाच्या पाठीला आमचाच जुना पिवळट चिकटा, त्यात हळदीच्या बोटांचा डाग आणि मोहरीचा एक दाणा. हा दाणा मी आईला दाखवला तेव्हा ती आधी हसली, मग अर्धा तास त्या माणसाला शिव्या घालत होती.

मग एकेक उघडं पडत गेलं. बिजागऱ्यांच्या स्क्रूंच्या खाचा रंगाने बुजलेल्या, म्हणजे शटर काढलंच नव्हतं. लाकडाच्या भेगांत भिंतीची सिमेंटवाली पुट्टी भरलेली. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्यात आकसतं, तिथे ती तडकणारच. आणि तो फोटो! मागच्या खिडकीला उभ्या सळ्या होत्या, आमच्याकडे सरकत्या काचा. शेजारच्या विंगमधल्या काकूंना विचारलं, तर त्यांच्याही मोबाइलमध्ये हाच फोटो, ‘तुमची घासाई झाली’ म्हणून पाठवलेला.

फोन केल्यावर उत्तर ठरलेलं: “ताई, सनमायकावर कुणाचाच रंग टिकत नाही.” साफ खोटं. नीट घासून योग्य प्रायमर लावला तर टिकतो. नंतर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

आता दुसऱ्या माणसाकडून सगळं खरवडून घेतोय. वरच्या जुन्या ऑइल पेंटला त्याने कोरडा पेपर लावू दिला नाही, पाणी लावून वॉटर पेपरनेच घासलं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं आणि कोरडं घासलं की त्याची धूळ घरभर होते. तेवढ्यापुरता पहिल्याचा आळस आमच्या पथ्यावर पडला म्हणायचा.

या वेळी पैसे टप्प्याने देतोय. शटर उतरवून, मागे नंबर टाकून ठेवलेली डोळ्यांनी पाहिली की पहिला हप्ता. घरी कुणी नसेल तर फोटो नाही, व्हिडिओ कॉल. प्रायमर वाळल्यावर कोपऱ्यात सेलोटेप घट्ट दाबून झटक्यात ओढायची. टेपला प्रायमर चिकटून आला तर काम तिथेच थांबवायचं. आणि रंगाचा डबा आमच्यासमोरच फोडायचा.

पहिल्याविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, म्हणून तिथेही जाणार आहे. कोटेशन, पैसे पाठवल्याच्या पावत्या, फोटो आणि तो पापुद्रा एका पिशवीत जपून ठेवलाय. अडलंय ते त्याला पाठवायच्या नोटिशीवर: कोटेशनवर नाव आणि मोबाइल नंबर आहे, पत्ता नाही. तुम्ही कोटेशन घ्याल तेव्हा पत्ता आणि सही आधी मागून घ्या, चहा नंतर विचारा.