विमानाची भीती आणि अर्धी गोळी

लेकीकडे न्यूजर्सीला जायचं तिकीट काढलं आणि माझी झोपच उडाली, विमान म्हटलं की हातपाय गार पडतात माझे. मैत्रीण म्हणाली माझ्याकडची अल्प्राझोलाम (घबराट कमी करणारी, गुंगी आणणारी गोळी) घेऊन जा, पण म्हटलं आधी आपल्या डॉक्टरांना विचारू. कोथरूडमधला छोटासा दवाखाना, नंबर लावूनही दीड तास बसवलं (हे दरवेळचंच, 1 स्टार कमी), पण आत गेल्यावर अजिबात घाई नाही. घोरता का, बाकी गोळ्या कुठल्या चालू आहेत, सगळं विचारलं, कारण झोपेत श्वास अडकत असेल तर हे औषध धोक्याचं. मग दोनच गोळ्या लिहून दिल्या, एक आधी घरी घेऊन बघायला. वाईन बिलकूल नाही, आणि गुंगीत पाय न हलवता पडून राहिलं तर पायात गुठळी होऊ शकते म्हणून मधूनमधून उठायचं. केमिस्टनेही चिठ्ठी बघून वेगळ्या रजिस्टरमध्ये नाव लिहिलं, शेड्यूल एच वन ना ते, म्हणजे चिठ्ठीवरच आणि नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या यादीतलं. घरी घेतली तर कुकरच्या शिट्ट्यासुद्धा ऐकू आल्या नाहीत हो मला! डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले, मग अर्धीच घ्या. जाताना अर्धी पुरली, परतीची अर्धी चिठ्ठीसकट पर्समध्ये आहे.